उलट्या पिळाचा दोर

नेरळजवळच्या पोशीर गावात कुणाच्या खळ्यावर पेंढ्याचा दोर पडलेला असला, तर तो गायकवाडकाकांनी वळलाय की दुसऱ्या कुणी, हे शेंबडं पोरसुद्धा सांगायचं. गावातल्या सगळ्या दोरांचा पीळ एका बाजूला आणि काकांच्या दोराचा दुसऱ्या. काका डावरे होते. त्यांचा दोर मजबूत असायचा, पण दुसऱ्याच्या दोराला जोडला की दोन्ही पीळ एकमेकांना उसवायचे आणि भारा वाटेतच सुटायचा. म्हणून झोडणीच्या दिवसांत ते खळ्यावर दिसले की कुणीतरी ओरडायचंच, "डावऱ्या, तू भारे उचल रं, दोर वळू नको!"

काका उचलायचे. पण जाता जाता एखादा दोर वळून टाकायचेच.

माझी त्यांची ओळख मात्र पोशीरची नाही. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत मी फेलोशिपवर लागले, तेव्हा आमच्या सरांच्या खोलीत ते मदतनीस होते. सत्तरचं दशक सरत आलं होतं. आमचे बाबा भिवपुरीच्या पॉवर हाऊसला नोकरीला, आम्ही तिथल्या क्वार्टर्समध्ये वाढलेलो, त्यामुळे पहिल्याच दिवशी "तुमी भिवपुरीच्या का?" "आणि तुम्ही?" "पोशीर!" असं झालं आणि मुंबईच्या त्या थंडगार खोलीत मला एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. संस्थेत ते मला 'मॅडम' म्हणायचे आणि नेरळ ओलांडलं की 'बाय'. या नियमात त्यांनी कधी चूक केली नाही.

आमचं काम काय होतं ते थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय काका कळायचे नाहीत. प्रथिन म्हणजे मुळात एक लांब माळ. ती पिळून, दुमडून एका ठरावीक आकारात बसते, आणि तो आकार जमला तरच तिचं काम चालतं. आम्ही तो आकार आकड्यांनी मांडायचो आणि त्याच्या एखाद्या खाचेत दुसरा छोटा रेणू नीट बसेल का, हे कॉम्प्युटरकडून काढून घ्यायचो. कॉम्प्युटर म्हणजे दोन खोल्या भरून असलेलं धूड. त्याला आकडे द्यायचे तर पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, ती खोक्यात भरायची, खोका खिडकीत द्यायचा आणि उत्तरासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. कार्डं पाडायचं काम माझं. खोका बांधायची सुतळी काकांची, तीसुद्धा स्वतः वळलेली. खिडकीतला माणूस रोज वैतागायचा, "ही कुणी बांधली? सोडवायला गेलं की घट्टच होते."

"उलटी सोडवा साहेब," काका म्हणायचे.

काका जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेले. शाळेत गुरुजींनी डाव्या हातावर छड्या मारमारून त्यांना उजव्या हातानं लिहायला लावलं होतं. तेवढं एक लिहिणं उजव्या हातानं, बाकी सगळं डाव्या. बौद्ध धर्माची दीक्षा पुढे घेतली, पण त्याच्या कितीतरी आधीच त्यांच्या वडिलांनी गावकीची सगळी कामं सोडली आणि मुलाला शाळेत घातलं. वडिलांना गावात नावानं कुणी हाक मारली नव्हती, हे काका एकदाच बोलले, सुपारी कातरता कातरता. मग म्हणाले, "मी संस्थेत लागलो तवा त्यांनी इचारलं, तिथं कागदावर नाव लिवतात का रं तुझं? मी म्हणलं, लिवतात. हजेरीला." आणि स्वतःच हसले.

त्यांची एक सवय मला फार आवडायची. मी आकड्यांचा लांबलचक कागद पुढ्यात घेऊन बसले की मागून यायचे आणि कुठल्याही आकड्यावर बोट ठेवून विचारायचे, "हा ऱ्हातो कुठं?" म्हणजे हा आकडा कशाचा, कुठल्या जागेचा. मला सांगता आलं तर मान डोलवायचे. नाही आलं तर म्हणायचे, "मंग त्याला आधी घर द्या, मॅडम." मी चिडायचे. एमएस्सीला पहिल्या वर्गात आलेल्या मुलीला मदतनिसानं प्रश्न विचारायचे म्हणजे काय! आता वाटतं, माझ्या सगळ्या परीक्षकांत एवढा नेमका प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नाही.

प्रथिनाची प्रतिकृती करायची ठरली तेव्हा सरांनी परदेशी कॅटलॉग काढला. किंमत बघून मिटून ठेवला. काका म्हणाले, "सर, मला आठ दिवस द्या." आठव्या दिवशी पिशवीतून त्यांनी काळे कुळकुळीत मणी टेबलावर ओतले. रिठ्याच्या बिया! माथेरानच्या पायथ्याच्या वाडीवरची एक ठाकरीण त्यांना रिठे आणून द्यायची. त्यांनी एकेक बी पोखरली होती. मण्यांना टेकू म्हणून सायकलचे स्पोक आणि जोडायला तांब्याची तार. फळीवर आलेखाचा कागद चिकटवायचा, ठरलेल्या जागी स्पोक उभा करायचा, ठरलेल्या उंचीवर रिठ्याची बी बसवायची आणि एकीतून दुसरीत तार न्यायची. सरांनी एक बी चिमटीत धरून निरखली. मग एवढंच म्हणाले, "गायकवाड, हे फार छान आहे." सरांच्या तोंडून 'फार' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

सरांची एक गोष्ट मात्र काकांच्या मनात राहिली. पुस्तकातलं चित्र दाखवून ते आम्हाला सांगत होते, की प्रथिनाच्या माळेला मध्ये मध्ये जो पीळ असतो तो उजवा असतो. कुठलाही प्राणी घ्या, कुठलीही वनस्पती घ्या, पीळ उजवाच. काका कोपऱ्यात स्पोक सरळ करत होते. ते म्हणाले, "म्हंजे आमच्यासारख्यांना तिथं पण जागा नाय म्हणा." आम्ही सगळे हसलो. सर हसले नाहीत, त्यांना विनोद उशिरा कळत.

मग फुरशाचं काम आलं. फुरशासारख्या सापांच्या विषात एक प्रथिन असतं, त्याच्या खाचेत बसून ते निकामी करील असा एखादा रेणू शोधायचा होता. एका परदेशी प्रयोगशाळेनं त्या प्रथिनाच्या मोजमापांचे कागद सरांना पाठवले होते. काकांनी हे ऐकलं आणि हातातली पक्कड खाली ठेवली. त्यांची धाकटी बहीण भात कापताना फुरसं चावून गेली होती. नेरळपर्यंत डोलीतून आणली, पुढे नेता आली नाही. "बारा वरसांची होती," ते म्हणाले. "सर, ह्याची प्रतिकृती मीच करनार."

संस्थेत आमच्या खोलीचं छत दुरुस्तीला काढलं होतं. सव्वाशे स्पोकांची फळी ठेवायची कुठे? काका म्हणाले, माझ्या पडवीत. सरांनी तशी परवानगी मिळवली, आणि फळी न्यायच्या वेळी काकांना बाजूला बोलावून सांगितलं, की प्रतिकृती नीट झाली तर शोधनिबंधात तुमचं नाव छापू आणि त्या आधारावर 'मदतनीस'चे 'तंत्रज्ञ' करण्याची शिफारसही करू. काकांनी ते मला त्याच संध्याकाळी सांगितलं. पगाराबद्दल एक शब्द नाही. "छापून येनार, मॅडम. हजेरीचं नाव साहेब पुसू शकतो. छापलेलं पुसता येत नाय."

मग रविवारी मी भिवपुरीहून पोशीरला जायला लागले. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली भाताची कणगी आणि पडवीत मधोमध ती फळी. काकू खालापूरकडच्या, तोंडानं फटकळ. "माझ्या घरात पाय ठेवायला जागा नाय आन हे इख घेऊन बसलेत!" असं म्हणत त्या फळीवरची धूळ मात्र रोज पिसानं झाडायच्या. गावातली माणसं बघायला यायची. कुणाला ती विजेची फिटिंग वाटायची, कुणाला मासे धरायचं काहीतरी. एक म्हातारी फुरशाचं नाव ऐकून फळीपुढे नारळच ठेवून गेली. काका म्हणाले, "आवं आजी, देव नाय ह्यो." आजी म्हणाली, "नसंना. राग तर येत आसंल." काकूंनी त्या नारळाची चटणी केली आणि आम्ही सगळ्यांनी ती भाकरीबरोबर खाल्ली.

आता माझी गोष्ट. त्या वर्षी माझी फेलोशिप वाढणार की नाही ते ठरायचं होतं. नाही वाढली तर बाबांनी माझ्या लग्नाचा मार्गशीर्षातला मुहूर्त जवळजवळ काढूनच ठेवला होता. आणि काम अडलेलं. तीन महिने कॉम्प्युटरला विचारत होते, आणि खाचेत एकही रेणू बसत नव्हता. मी प्रोग्रॅमला दोष देत होते, सर मला.

प्रतिकृती पुरी झाली त्या शनिवारी काकांचा निरोप आला. सोमवारी सर फोटोग्राफरला घेऊन पोशीरला यायचे होते. मी रविवारी सकाळीच गेले. काका पडवीत एकटेच बसले होते, दोन्ही हातांत पेंढ्याचा एकेक दोर घेऊन. बस म्हणाले नाहीत.

"हा शेजारच्या म्हाद्याचा," त्यांनी एक दोर माळेच्या पिळाच्या भागाशेजारी धरला. मग दुसरा धरला. "आन हा माझा. बघ."

मी बघितलं. रिठ्याच्या बिया फेर धरत वर चढत होत्या, त्या अगदी काकांच्या दोरासारख्या. उलट्या. एके ठिकाणी नाही, जिथे जिथे पीळ होता तिथे तिथे उलट्याच. सबंध प्रथिन आरशात दिसावं तसं झालं होतं.

"सर म्हणले होते, जगात उजवाच असतो," काका म्हणाले. "मंग ह्यो डावा आला कुठनं? कागद काढ बरं."

मी पिशवीतून परदेशी कागद काढले. तीन रकाने. पहिले दोन फळीवरच्या जागेचे. तिसऱ्या रकान्यावर बारीक अक्षरात एक ओळ होती, जी मी इतके महिने वाचलीच नव्हती. तो तिसरा आकडा उंचीचा नव्हता. वरून खाली मोजलेली खोली होती ती. विहिरीचं पाणी किती खोल आहे ते मोजावं आणि कुणीतरी तेवढ्या उंचीचा खांब उभा करावा, तसं मी केलं होतं. कार्डंही तशीच पाडली होती, काकांना पेन्सिलनं लिहून दिलेल्या उंच्याही तशाच. कॉम्प्युटरला मण्यामण्यांतली अंतरं कळतात, आणि ती आरशात बदलत नाहीत, म्हणून त्यानं कधी हूं की चूं केलं नव्हतं. उलट्या खाचेत सुलटा रेणू बसणार कसा?

मी कागदाची घडी घातली.

"काय लिवलंय?" काकांनी विचारलं.

"काही नाही. घरी जाऊन नीट बघते," मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही दोर गुंडाळून ठेवले. मग म्हणाले, "फोटो काढायचा नाय. सरांना उद्या सांगायला पायजे." वास्तविक सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. फोटो निघाला असता, नाव छापून आलं असतं. हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. आत काकूंनी सोमवारसाठी काकांचा पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला होता, तो मला दारातून दिसत होता.

सोमवारी सर आले. फोटोग्राफरनं पडवीत कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं केलं. काकांनी तोच सदरा घातला होता. ते सरांपुढे उभे राहिले, चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले. किती वेळ पुसला! एक काच, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. मी कणगीला टेकून उभी होते. मग चष्मा डोळ्यांवर चढवून ते म्हणाले, "सर, हे उलटं झालंय. मी डावरा मानूस. आलेखाचा कागद उजव्या कोपऱ्यातनं मोजायला लागलो. चूक माझी."

सरांनी वाकून पीळ बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. "तरी मला वाटलंच होतं," ते म्हणाले. तसं त्यांना काहीच वाटलेलं नव्हतं, पण डावऱ्या माणसाकडून असंच व्हायचं हे सगळ्यांना किती चटकन पटलं! फोटोग्राफरलासुद्धा पटलं. काकू दारात उभ्या होत्या. त्यांना पटलं नाही, ते त्यांच्या डोळ्यांत दिसलं, पण काकांनी हातानं गप्प राहा अशी खूण केली.

आणि मी? मी गप्प राहिले. मला कुणी तशी खूण करायची गरज पडली नाही.

काकांनी सव्वाशे मणी उतरवले आणि पुन्हा चढवले. सुधारलेल्या उंच्या मीच लिहून दिल्या, आणि त्यांनी त्या एक शब्द न विचारता घेतल्या. 'हा ऱ्हातो कुठं?' एवढंही नाही. इकडे मी कुणाला न सांगता सगळी कार्डं नव्यानं पाडली. चौथ्या दिवशी एक रेणू खाचेत बसला, किल्ली कुलपात बसावी तसा. सरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. फेलोशिप वाढली, मार्गशीर्षातला मुहूर्त टळला. निबंध छापून आला. शेवटी आभार होते, कॉम्प्युटर केंद्राचे, टंकलेखकाचे, चर्चेबद्दल दोघातिघांचे. काकांची शिफारस सरांनी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून ठेवली. ते निवृत्त झाले ते मदतनीस म्हणूनच.

त्यांच्या निरोपाच्या चहाला मी नव्हते. मी परदेशी गेले होते, त्याच निबंधाच्या जोरावर.

ऐंशीचं दशक सरता सरता मी सुट्टीला आले. सर तोवर गेले होते. बाबा निवृत्त होऊन कर्जतला राहायला आले होते. एका सकाळी निबंधाची छापील प्रत पिशवीत टाकून मी पोशीरला गेले. आदल्या दिवशी तिच्यात आभारांच्या ओळीशेजारी मी काकांचं नाव शाईनं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. काय बोलायचं तेही पाठ केलं होतं, शाळेत भाषण पाठ करतात तसं.

काका पडवीत दोर वळत बसले होते. केस पांढरे झालेले, बोटं तशीच चपळ. "बाय आली का गं!" म्हणून त्यांनी हाक मारली आणि काकूंनी आतून, "तिला म्हणावं जेवल्याबिगर जायचं नाय!" असा दम दिला. वर आढ्याला काहीतरी टांगलं होतं. दहाबारा रिठ्याच्या बिया तांब्याच्या तारेत, फेर धरून चढणाऱ्या. उलट्या.

"एवढा एक तुकडा मोडला नाय, तिथं नव्या बिया घेतल्या," काका म्हणाले. "माझ्या पिळाचा हाय ना."

मी प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली, शेवटची ओळ सापडली. नावावरून त्यांनी डाव्या हाताचा अंगठा हळूच फिरवला. मग अंगठा उजेडाकडे धरून बघितला.

"शाई हाय," ते म्हणाले.

मला पाठ केलेलं एक अक्षर आठवेना. "काका, ते तेव्हा…" एवढंच निघालं.

"ठाऊक हाय गं. तू रविवारी आलीस ना, त्याच्या आदल्या दिवशीच मी ते वाचलं होतं. पयल्या पानाची एक प्रत सरांनी मला पन दिली होती. मॅट्रिकचं विंग्रजी, पन 'खोली' कळत होती मला."

"मग तुम्ही सरांना…"

"थांबलो होतो ना मी. चष्मा पुसत." ते दोराकडे बघत होते. "म्हणलं, बोलंल पोरगी. नाय बोललीस. तुझा बाप तुला उजवून टाकनार होता, ते पन ठाऊक होतं. मंग बोललो मी."

"तुमचं नाव राहिलं, काका."

"ऱ्हायलं. वाईट वाटलं मला. खोटं कशाला बोलू? माझे बाबा असते तर त्यांना काय दाखवलं असतं, असं वाटायचं." पीळ संपवून त्यांनी टोकाला गाठ मारली. "पन रेणू बसला ना खाचेत? बसला. माझी भन काय माघारी येत नाय. पन बसला."

मी रडले. काकूंनी पाणी आणून दिलं. मग आम्ही जेवलो.

निघताना काकांनी वालाच्या शेंगांचा भारा बांधला, ताज्या वळलेल्या दोरानं. रस्त्यापर्यंत पोचवायला आले. नेरळला जाणारा टेंपो थांबला, मी मागे चढले, भारा मांडीवर घेतला. टेंपो सुटला तसा त्यांनी डावा हात वर केला आणि तोंडापाशी दुसऱ्या हाताचा कर्णा करून ओरडले, "बाय, गाठ उलटी सोड गं! नायतर घट्ट व्हईल!" वळणापर्यंत ते तिथेच उभे दिसत होते, रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या सदऱ्यात, हात वरच. ते मला दिसले ते तेवढे शेवटचे. पुढच्या खेपेला आले तेव्हा पडवीत फक्त काकू होत्या.

त्या प्रथिनाच्या मोजमापात खोलीला उंची धरण्याची चूक माझी होती. प्रतिकृती केली ती पोशीरच्या शांताराम धोंडू गायकवाड यांनी. हे मी छापायला देत आहे.